मापाचा पाय

त्याचे पाय फताडे होते. टाचेपाशी बेताचे, पण पुढे असे पसरलेले, की पाची बोटांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे असं वाटावं. पायाचा वरचा उंचवटाही जास्त, त्यामुळे बुटाची नाडी कधी पुरायची नाही. शाळेत त्याचं नाव फताड्या पडलं आणि ते असं चिकटलं, की पुढे कंपनीत कामाला लागल्यावर आठवडाभरात तिथेही सगळ्यांच्या तोंडी झालं. कुणी जाऊन सांगितलं, देव जाणे.

लहानपणी आई त्याला दोन नंबर मोठे बूट घ्यायची. तेव्हा कुठे ते रुंदीला बसायचे. पुढे उरलेल्या जागेत ती कापूस कोंबायची. पळायला लागला की बूट फटक-फटक वाजायचे आणि मागून हाक यायची. त्याच्याहून मोठी एक बहीण होती, ताई. तिचेही पाय आईवर गेलेले, हुबेहूब तसेच. पण तिला कुणी चिडवल्याचं त्याला आठवत नव्हतं. एक तर चिडवणाऱ्याला ती सोडत नसे, आणि दुसरं म्हणजे तिला स्वतःला त्या पायांचं काही वाटतच नसे. "उभं राहायला दिलेत, उभी राहते," म्हणायची. मोठी होऊन ती नर्स झाली आणि खरोखरच दिवसभर उभी राहायला लागली.

त्याला मात्र वाटायचं. कुणाकडे गेला की पाय खुर्चीखाली. मोजे काढायची वेळ येईल अशा ठिकाणी तो जायचाच नाही. पोहायला शिकायचं राहिलं ते त्यामुळेच. बायको अजून हसून सांगते, की पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा हा माणूस टेबलाखालून पाय बाहेर काढेना, आणि मला वाटलं, मी इतकी आवडले की उठवत नाहीये.

तो कामाला होता एका परदेशी बूट कंपनीच्या गोदामात. कंपनी फार मोठी, देशोदेशी पसरलेली, इथे मात्र नवीन. सुरुवातीला तिने बाहेरच्या देशांत खपणारेच बूट जसेच्या तसे आणून दुकानांत मांडले. जाहिराती जोरात झाल्या, लोक हौसेने घेऊन गेले, आणि काही दिवसांतच खोकी परत यायला लागली. ती उतरवून घेण्याचं काम फताड्याकडे. प्रत्येक खोक्यावर दुकानदाराने तक्रार लिहिलेली असायची, आणि ती जवळजवळ एकच असायची: पुढे आवळतो, वरून दाबतो. फताड्या ते वाचायचा आणि मनातल्या मनात त्याला बरं वाटायचं. आपण एकटेच नाही, एवढंच.

मग मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. बूट ज्यावर चढवून शिवतात, त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याला फर्मा म्हणतात. या बाई आयुष्यभर फर्मेच करत आलेल्या. केस पांढरे, हात सुताराचे, चष्मा दोरीला अडकवलेला. इथली भाषा त्या निघण्याआधीच शिकून आल्या होत्या आणि बिनधास्त बोलायच्या, फक्त तो, ती, ते यांची पार खिचडी व्हायची. सगळे त्यांना फर्मेवाल्या बाई म्हणायचे.

बाईंनी शहरभर हिंडून लोकांच्या पायांची मापं घेतली. शाळांत, बस डेपोत, कारखान्यांत. शेवटी म्हणाल्या, आता आपल्याच लोकांची घेऊ. एकेकाला बोलावून खुर्चीवर बसवायचं, बूट-मोजे काढायला लावायचे, फीत लावायची. फताड्याचा नंबर जवळ आला तसा तो गोदामाच्या मागच्या बाजूला जाऊन उगाच खोकी रचत बसला. मुकादमाने त्याला शोधून काढला आणि ओढतच आणला.

मोजा काढताना त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाईंनी पाऊल हातात घेतलं, फीत लावली, आणि थांबल्या. पुन्हा लावली. जवळच्या कागदाशी ताडून पाहिलं. मग ते पाऊल दोन्ही हातांत धरून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठे होते तुम्ही? मी ही पाय सगळीकडे शोधते आहे."

मागे उभे असलेले लोक हसले. बाई नाही हसल्या. शहरात घेतलेल्या सगळ्या मापांची सरासरी काढून त्यांनी कागदावर एक पाय मांडला होता. तसा पाय प्रत्यक्षात कुणाचा नसतोच, असा त्यांचा आजवरचा अनुभव. आणि इथे गोदामात खोकी उचलणाऱ्या माणसाचा तो निघाला, सूतभरही फरक नाही. म्हणजे ज्याला तो जन्मभर वेडावाकडा समजत आला, तो इथल्या माणसांचा अगदी मधला, सरळसाधा पाय होता. हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण ऐकलं तरी ते आत उतरलं नाही. मोजा घाईघाईने चढवून तो पळाला.

त्या पायावरून फर्मा झाला, त्या फर्म्यावरून बूट, आणि ते बूट परत आले नाहीत. फताड्याची बढती झाली. आता प्रत्येक नवा नमुना आधी त्याच्या पायात जायचा. लांब व्हरांड्यात चालायचं, जिना चढायचा-उतरायचा, चवड्यावर बसायचं, आणि मग सांगायचं, कुठे लागतंय, कुठे ढिलं आहे. गोदामातले लोक त्याला फताडेसाहेब म्हणायला लागले. मुकादम तर वाकून म्हणायचा, "पायांना जपा साहेब, कंपनी त्यावर उभी आहे."

बाईंबरोबर काम करायला त्याला आवडायचं. त्या जमिनीवर मांडी ठोकून बसायच्या आणि अंगठ्याने बूट दाबत दाबत कुठल्या कुठल्या देशांतल्या गोष्टी सांगायच्या. एका थंड मुलखात मोजेच इतके जाड, की फर्म्यात आधी मोज्यांची जागा धरायची आणि मग पायाची. एका देशात लोक प्रत्येक दारात बूट काढतात, म्हणून तिथे नाडी नुसती शोभेची. खरं काम बाजूच्या रबरी पट्टीचं. एका ठिकाणी हवा इतकी दमट, की डिंक धरेना, सगळं शिवावंच लागलं. बूट एकच, नाव एकच, पण आतून प्रत्येक देशात निराळा. "कंपनी म्हणते, जगात एकच बूट," बाई म्हणायच्या. "कंपनी कधी कोणाच्या पाया पाहिला नाही."

"पाय, मॅडम. पाय पाहिला नाही."

"तेच ते."

त्यांनी विचारलं की तो खरं सांगायचा. उजवीकडे घासतंय. टाच सुटतेय. बाई लगेच फर्म्यावर खूण करायच्या. त्याच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. मात्र आणखी कुणी खोलीत आलं, की तो पाय मागे ओढून घ्यायचा. ती सवय काही गेली नाही.

दुसऱ्या वर्षी कंपनीने ठरवलं, की दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी एक बूट काढायचा. नर्स, दुकानातल्या मुली, शिक्षक, पहारेकरी. बाईंनी फर्मा केला, बूट शिवून झाला. विक्रीचे साहेब पाहून म्हणाले, "ही होडी आहे. यात बसून लोक नदी पार करतील. जरा सडपातळ करा. इथल्या लोकांनाही बाहेरच्यांसारखं दिसावंसं वाटतंच की." बाईंनी नकारार्थी मान हलवली. पण वरून दडपण आलं, हंगाम तोंडावर होता, आणि शेवटी त्यांनी फर्म्याची पुढची बाजू तासून बारीक केली. "पाय हो म्हणाली तरच," एवढी मात्र त्यांनी अट घातली.

चाचणीच्या दिवशी खोलीत गर्दी होती. विक्रीचे साहेब, त्यांचे दोन मदतनीस, आणि मुख्य कचेरीतून आलेले मोठे साहेब. भिंतीशी जमिनीवर तिरका आरसा ठेवलेला. फताड्या खुर्चीत बसला. इतक्या माणसांसमोर त्याला मोजा काढावा लागला. मोठ्या साहेबांनी त्याच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सहजच वळवली असेल. पण ती त्याला लागली.

मग बूट पायात गेला. करड्या रंगाचा, मऊ चामड्याचा, निमुळता. तो उठून आरशासमोर उभा राहिला, आणि आरशात जे दिसलं ते त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. बारीक, सरळ, नीटनेटके पाय. जाहिरातीतल्या माणसाचे असतात तसे.

"वा," विक्रीचे साहेब म्हणाले. "हा बघा. आता पायासारखा पाय दिसतोय."

करंगळी आतून दाबली जात होती. नुसती दाबली नव्हे, शेजारच्या बोटाखाली ढकलली जात होती. व्हरांड्यात तो चालून आला तोवर तिथे आग व्हायला लागली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि नेमकं तिथेच अंगठ्याने दाबून विचारलं, "इथे लागते?"

"नाही मॅडम."

"माझा हिशोब म्हणते, लागायला पाहिजे."

"चामडं मऊ आहे," विक्रीचे साहेब म्हणाले. "तुमच्या हिशोबापेक्षा पायाला विचारा."

बाईंनी पुन्हा दाबलं. या वेळी जरा जोरात. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळे त्याच्याकडे पाहत होते. एवढ्या लोकांत आता म्हणायचं, की नाही, मावत नाही, माझा पाय यात मावत नाही? लहानपणी दुकानदार बुटांवर बूट काढून दमायचा आणि आई ओशाळून म्हणायची, राहू द्या, ते दुकान त्याला क्षणभर दिसलं.

"खरं सांगा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमची पाय काय म्हणते?"

"छान म्हणतो, मॅडम. कुठेच लागत नाही."

बाई क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा खाली सोडला आणि कागदावर सही केली.

बूट बाजारात आला आणि झपाट्याने खपला. ताईला कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. आईचे पाय, आपले पाय, आणि त्यावर कंपनीने बूट केला, हे ती वॉर्डात ज्याला त्याला सांगत सुटली. "माझ्या भावाच्या पायावर बेतलाय. डोळे झाकून घ्या. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला याहून चांगला बूट मिळायचा नाही." तिचा शब्द वॉर्डात चालायचा. बघता बघता सगळ्या नर्सच्या पायांत तेच करडे बूट आले. ताईने फोन करून त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "कशाला एवढं सांगत बसलीस." तिला वाटलं, लाजतोय.

तो स्वतःही तेच बूट घालून कामाला यायचा. न घालून कसं चालेल? करंगळीला पट्टी बांधायचा, वर मोजा. संध्याकाळी घरी आला की दारातच बूट काढून भिंत धरून उभा राहायचा. बायकोने विचारलं तर म्हणायचा, "नवीन आहे." ते जुने झाले तरी त्याचं उत्तर तेच.

एक दिवस तो न कळवता ताईकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती, पाय कोमट पाण्याच्या टबात. अंगावर अजून कामावरचेच कपडे. त्याची चाहूल लागताच तिने झटकन टॉवेल पायांवर ओढला, पण त्याने पाहिलं होतं. दोन्ही करंगळ्या सोलवटलेल्या, एकीचं नख काळंनिळं.

"ताई, काय झालं पायाला?"

"काही नाही रे. आज धावपळ होती."

"बूट लागतो?"

"नवा आहे. सैल होईल." ती घाईने म्हणाली. मग जरा थांबून, त्याची समजूत घालावी तशी, "बूट चांगला आहे. माझाच पाय सुजतो हल्ली. वय झालं."

त्याचंच उत्तर त्याला परत मिळत होतं. तो तिथे उभा राहिला आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, निघाला. बसमध्ये जागा होती तरी बसला नाही. दुखू दे, म्हणत उभाच राहिला. त्याने काही भरून निघणार नव्हतं, हे कळण्याइतका तो शहाणा होता. तरी उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात ताई डबा घरी विसरल्याचा भाच्याचा फोन आला म्हणून तो द्यायला इस्पितळात गेला. वॉर्डाच्या दाराशी तिथल्या एक मावशी भेटल्या. "तुम्ही बुटवाले भाऊ ना," म्हणून त्यांनी हाक मारली आणि इतरांना सांगितलं. नर्स येता-जाता त्याच्याकडे पाहून हसत होत्या, आणि तो त्यांच्या पायांकडे पाहत होता. एकीच्या टाचेला चिकटपट्टी. एक जण भिंतीला टेकून एक पाय बुटातून अर्धा बाहेर काढून उभी. एका तरतरीत मुलीने तर बुटाच्या बाजूला कात्रीने गोल भोक पाडलं होतं, आणि त्यातून मोज्यातली करंगळी बाहेर आली होती.

"बूट कसा वाटतो?" त्याने तिला विचारलं.

मुलीने आधी ताईकडे पाहिलं. ताईने डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. "छान आहे," मुलगी म्हणाली. "एकदम हलका."

म्हणजे ताईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. माझ्या भावापुढे बोलू नका, त्याला वाईट वाटेल. फताड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तिच्या हातात देऊन तो जिना उतरला, आणि कुठल्या वाटेने कंपनीत पोहोचला ते त्याला नंतर आठवेना.

गोदामात पुन्हा खोकी यायला लागली होती. वर साहेबलोक आणि बाई खोलीत जमले होते. तो तक्रारींचे कागद द्यायला दाराशी गेला तेव्हा विक्रीचे साहेब बोलत होते, "इथल्या लोकांचे पायच तसे. चपला घालून घालून पसरलेले. त्यांना बुटाची सवय लागायला वेळ लागेल. आणि फर्मा कुणी केला? त्यावर सही कुणाची आहे?" बाई खाली पाहत होत्या. म्हणाल्या, "सही माझी आहे." फताड्याने कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आणि बाईंच्या खोलीत जाऊन वाट पाहत बसला.

त्या आल्या तशा त्याने काही न बोलता बूट काढला, मोजा काढला, पट्टी सोडली. बाई नेहमीसारख्या जमिनीवर बसल्या. करंगळीवर कडक घट्टा धरला होता, भोवती लाल.

"हे कधीपासून?"

"त्या दिवसापासून. त्या दिवशीही लागत होतं मॅडम. तुम्ही दाबलंत तेव्हाही."

फळीवर देशोदेशीचे फर्मे ओळीने मांडलेले होते, तिकडे बाई पाहत राहिल्या.

"मी विचारली होती," त्या म्हणाल्या. "परत परत विचारली."

"हो मॅडम."

"मग का?"

वाटेत त्याने याचं उत्तर जुळवलं होतं. साहेब होते, हंगाम होता, घाई होती. पण तोंडातून भलतंच निघालं. "चांगले दिसत होते," तो म्हणाला. "माझे पाय. चांगले दिसत होते."

"मला वाटली, तुम्ही माझ्याशी खरं बोलते," बाई म्हणाल्या. त्यांच्या या बोलण्याला तो एरवी मनात हसायचा. त्या दिवशी मान वर करणं त्याला जमलं नाही.

बाई त्याला घेऊन वर गेल्या. साहेबांपुढे त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं. विक्रीचे साहेब ऐकून घेत होते, पण पाहत होते बाईंकडे. "म्हणजे एका माणसाच्या करंगळीच्या भरवशावर आपण एवढा माल काढला," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "एका पायावर भरवसा टाकला, ती चूक माझा. हिशोब सांगत होता, मी ऐकला नाही."

फताड्या मध्येच म्हणाला, "चूक माझी आहे साहेब." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्याला वाटलं होतं, आपल्याला ओरडतील, काढून टाकतील. तसं काहीच झालं नाही. त्याला ओरडण्याइतका मोठा तिथे कुणी समजतच नव्हतं. उरलेला माल दुसऱ्या देशात पाठवायचं ठरलं. तिकडचे पाय अरुंद, तिकडे तो सहज खपेल. नवी खोकी, नवं नाव. इथल्यांसाठी जुना, रुंद फर्मा पुन्हा बाहेर काढला. आणि यापुढे चाचणी एका माणसावर नाही, दहा-बारा जणांवर करायची, असाही नियम झाला. फताड्या परत गोदामात गेला. त्या सहीवरूनच बाईंना काही महिन्यांनी मुख्य कचेरीत बोलावून घेतलं, असं लोक म्हणायचे. कुणी म्हणायचं, त्यांची मुदतच संपली होती. जाताना त्या गोदामात येऊन सगळ्यांचा निरोप घेऊन गेल्या. त्याचाही घेतला, इतरांचा घेतला तसाच.

ताईला सांगणं अजून बाकी होतं. त्याने तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं, ती नेहमीसारखी सांभाळून घेईल. तिने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

"माहीत होतं तुला? आधीपासून?"

"हो."

"मी पाण्यात पाय घालून बसले होते, तेव्हा?"

"हो."

"माझ्या पायाचं जाऊ दे," ती म्हणाली. "त्या सगळ्याजणींनी माझ्या शब्दावर घेतले. मीच त्यांना म्हटलं, सोसा थोडे दिवस. मी सांगितलं त्यांना सोसायला." तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "उद्या दुपारी पाळी बदलताना ये. मी नाही सांगणार त्यांना. तू सांग."

तो गेला. कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. निघालेल्या आणि आलेल्या, दोन्ही पाळ्यांच्या बायका तिथे जमल्या होत्या. त्याने जे घडलं ते सांगितलं. सांगताना पाच वाक्यंही झाली नाहीत. मग बुटाला भोक पाडलेली मुलगी म्हणाली, "मला दुकानातच कळलं होतं, आवळतो म्हणून. दिसायला बरा होता, म्हणून घेतला. पण तुम्ही पायाचेच पैसे घेत होता ना. तुम्ही बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

एक वयस्कर नर्स त्याच्या उभं राहण्याकडे पाहत होती. "तुमचाही पाय दुखतोय," ती म्हणाली. "दाखवा."

"नको, नको. काही नाही."

"दाखव," ताई म्हणाली.

त्याने बाकावर बसून मोजा काढला. इतक्या बायकांसमोर तो पाय उघडा पडला, पसरलेला, घट्टा धरलेला, आणि कुणीही नजर वळवली नाही. त्या रोज असले, आणि याहून वाईट, पाय पाहणाऱ्या बायका होत्या. वयस्कर नर्सने घट्टा साफ केला, औषध लावलं, आणि दोन बोटांच्या मध्ये कापूस ठेवून पट्टी बांधली. तिचा हात हलका होता. कुणीतरी हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मुलगी आपले भोक पाडलेले बूट पिशवीत घालून त्याच्यासमोरून निघून गेली.

पुढे दहा-बारा जणांच्या चाचणीतही त्याला बोलावतात. आता बूट पायात गेला रे गेला, की तो सांगतो, लागतंय. कधीकधी लागत नसलं तरी सांगतो. बाईंच्या जागी आलेल्या नव्या माणसाने ते ओळखलंय, आणि तो याच्या बोलण्यातून थोडं वजा करूनच लिहून घेतो.

ताईशी बोलणं बंद झालं नाही. तो दर आठवड्याला जातो, ती चहा करते, भाच्यांच्या गोष्टी निघतात. पण पूर्वी ती त्याच्या कामाबद्दल विचारायची, ते आता विचारत नाही. कंपनीने रुंद बूट पुन्हा काढले तेव्हा तो एक जोड घेऊन जाणार होता. खोकं हातात धरून बराच वेळ गोदामात उभा राहिला, आणि परत फळीवर ठेवलं. तिच्या दारात आता दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे बूट असतात, काळे, साधे, पुढे चांगले ऐसपैस. आत जाताना तो त्यांच्या शेजारी आपले काढून ठेवतो, आणि त्यांच्याकडे फार वेळ पाहत नाही.